जन्म टेक्सासात, नागरिकत्व कुणाच्या मर्जीवर?

सांगलीची_मावशी | ७ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

भाचा एच-१बीवर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) टेक्सासातल्या फ्रिस्कोत आहे, भाचेसून एच-४वर (त्याच्या बायकोचा व्हिसा). मार्चमधली तारीख दिलीय. ताई बाळंतपणाला जाणार, तिचा व्हिसा-तिकीट सगळं झालंय, डिंक आणि अळीव निवडून डब्यात भरून ठेवलंय. आणि परवा ५ तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जन्मसिद्ध नागरिकत्वाचं प्रकरण सुनावणीला घेतल्याची बातमी आली, तेव्हापासून घरच्या ग्रुपवर नुसती हाणामारी. एक पार्टी म्हणते सूनबाईला इकडेच बोलवा, दुसरी म्हणते काही होत नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. एक, हे नक्की कुठवर आलंय? आणि दुसरी जरा मोठी. कुठल्याही देशाचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने ठरवू शकतो का, की आजपासून अमुक बाळं आपली नाहीत? नागरिकत्व हे सरकारने द्यायचं असतं की ते सरकारच्याही वरचं काही असतं? मी निवृत्त शिक्षिका, नागरिकशास्त्र वीस मार्कांचं शिकवलं, त्यात हे नव्हतं.

बर्फी_मेकर | ७ डिसेंबर

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली. अळीव कस्टममध्ये जातात का, हा खरा घटनात्मक प्रश्न आहे.

एडिसनकर | ७ डिसेंबर

मावशी, आधी कुठवर आलंय ते सांगतो, कारण या वर्षी आम्ही हे अक्षरशः तारखा मोजत जगलोय.

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी आदेश काढला. त्यात दोन गट आहेत. आई बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल (म्हणजे विद्यार्थी, टुरिस्ट, एच-१बी, एच-४ सगळे), आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर बाळाला नागरिक मानायचं नाही. लागू कधीपासून, तर ३० दिवसांनंतर जन्मलेल्या बाळांना. आधीच्या कुणाला धक्का नाही.

तीन दिवसांत सिएटलमध्ये न्यायाधीश कफनॉर यांनी स्थगिती दिली. रेगननी नेमलेला माणूस, डावा वगैरे नाही, तरी त्यांनी आदेशाला उघडउघड घटनाबाह्य म्हटलं. मग २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला, पण तो मूळ प्रश्नावर नव्हताच! एका जिल्हा न्यायाधीशाला अख्ख्या देशासाठी सरकारचा हात धरता येतो का, एवढ्यापुरता होता. उत्तर आलं, साधारणपणे नाही.

त्या आठवड्यात आमच्याकडे जे वातावरण होतं ते विचारू नका. न्यू जर्सी दावा लावणाऱ्या राज्यांत होतं, टेक्सास नव्हतं. म्हणजे एडिसनच्या हॉस्पिटलात जन्मलेलं बाळ अमेरिकन आणि फ्रिस्कोतलं नाही, असं खरंच होतंय की काय असं वाटलं. मग १० जुलैला न्यू हॅम्पशायरमध्ये न्यायाधीश लाप्लांट यांनी अशा सगळ्या बाळांचा एक वर्ग धरून, सगळ्यांच्या वतीने एकच दावा म्हणजे क्लास अ‍ॅक्शन मान्य केली आणि देशभर आदेश अडवला. ही वाट जूनच्या निकालाने मोकळी ठेवली होती. हेच प्रकरण आता वर गेलंय. निकाल बहुधा जूनअखेरपर्यंत येईल. तोवर आदेश लागू नाही, टेक्सासातही नाही.

ऑरेंज_सिटी | ७ डिसेंबर

पॉपकॉर्न घेऊन बसलो बे. पण मला कोणी सांगा, यात चूक काय आहे? पाहुणा घरी आला, त्याच्या पोराला सातबाऱ्यावर नाव लावून मागून राहिले तुम्ही. जपानमध्ये असं मिळते का? जर्मनीत नुसतं जन्मल्याने मिळते का? आणि आपल्याकडे तरी मिळते का? टुरिस्ट व्हिसावर जाऊन डिलिव्हरी करून येणारे लोक आहेत, त्याच्या जाहिराती चालतात. कोणत्याही सरकारला आपलं दार कुठं लावायचं हे ठरवायचा अधिकार पाहिजे.

एडिसनकर | ७ डिसेंबर

@ऑरेंज_सिटी, दार लावायचा अधिकार आहेच, त्याला व्हिसा म्हणतात. त्या व्हिसाने मी तेरा-चौदा वर्षं इथे टॅक्स भरतोय. भारतात जन्मलेल्यांच्या ग्रीन कार्डची रांग देशनिहाय ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे कुठे पोचलीय ते माहीत असेलच. 'पाहुणा' म्हणून कुणी इतकी वर्षं सोशल सिक्युरिटीचा हप्ता कापत नाही.

वकीलबुवा | ८ डिसेंबर

मावशींचा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, त्यावर लिहितो. लांब होईल.

अमेरिकेच्या मूळ घटनेत नागरिक कोण याची व्याख्याच नव्हती. 'नागरिक' हा शब्द आहे, व्याख्या नाही. नागरिकत्व राज्याचं की संघाचं, हाही गोंधळच. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट प्रकरणात सरन्यायाधीश टेनी यांनी सांगितलं की आफ्रिकन वंशाचा माणूस, गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. एखाद्या राज्याने त्याला आपला म्हटलं तरी संघाच्या लेखी तो नागरिक नाही.

मग यादवी युद्ध झालं. १८६६ मध्ये काँग्रेसने (तिथल्या संसदेने) नागरी हक्कांचा कायदा करून जन्माने नागरिकत्व दिलं. पण कायदा आज एक काँग्रेस करते, उद्या दुसरी मोडते. म्हणून तेच वाक्य १८६८ मध्ये चौदाव्या दुरुस्तीत घातलं: अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेली प्रत्येक व्यक्ती अमेरिकेची आणि ती राहते त्या राज्याची नागरिक. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. हे वाक्य सरकारला अधिकार देण्यासाठी लिहिलेलं नाही, काढून घेण्यासाठी लिहिलंय. राज्यांकडून तर काढलाच, पण काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांच्याकडूनही. कालच्या मालकांची पुढच्या निवडणुकीत सत्ता आली तरी गुलामांच्या मुलांना हात लावता येऊ नये, हा हेतू.

ऑरेंज_सिटी, तुमचा मुद्दा गैर नाही, धोरण म्हणून त्यावर वाद घाला. ब्रिटनने १९८३ पासून, ऑस्ट्रेलियाने १९८६ पासून निव्वळ जन्मावर नागरिकत्व देणं बंद केलं. आयर्लंडने २००४ मध्ये चक्क सार्वमत घेऊन राज्यघटना बदलली. अमेरिकेलाही बदलता येईल. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं. वाद 'बदलावं का' हा नाहीच, 'कुणी बदलायचं' हा आहे.

ऑरेंज_सिटी | ८ डिसेंबर

म्हणजे कधीच नाही असं साध्या मराठीत सांगा ना :)

आणि 'अधिकारक्षेत्राच्या अधीन' हे शब्द विसरले तुम्ही. ते उगीच टाकले का? सरकारचा सगळा युक्तिवाद त्याच्यावरच तर आहे.

कोथरूड_टू_क्युपर्टिनो | ८ डिसेंबर

अधीन आहे की नाही ते आय.आर.एस.ला (तिथल्या कर खात्याला) विचारा. मागच्या महिन्यात हायवेवर स्पीडिंगचं तिकीट मिळालं, तेव्हा त्या ऑफिसरला म्हणायला हवं होतं की साहेब मी तुमच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन नाही.

वकीलबुवा | ८ डिसेंबर

हाहा. विनोदात बरोबर उत्तर आलं. ते शब्द परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी होते, कारण त्यांना इथला कायदाच लागू होत नाही. शत्रूसैन्याने व्यापलेल्या भागात शत्रूला झालेली मुलंही बाहेर. आणि तिसरा अपवाद मूळ रहिवासी टोळ्यांचा, कारण त्यांना वेगळी राष्ट्रं मानत. १८८४ मध्ये जॉन एल्क नावाच्या माणसाने टोळी सोडून ओमाहात घर केलं, मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला, आणि न्यायालय म्हणालं तू जन्माने नागरिक नाहीस. ज्यांची जमीन त्यांनाच सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ चा कायदा यावा लागला.

मुख्य निकाल मात्र १८९८ चा, वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, आईबाप चिनी. तेव्हा चिनी लोकांना अमेरिकन नागरिक होताच येत नव्हतं. तो १८९५ मध्ये चीनहून परत आला तर बंदरात अडवला, काही महिने वेगवेगळ्या जहाजांवरच ठेवला. न्यायालयाने सहा विरुद्ध दोन असं सांगितलं, की हा जन्मानेच नागरिक. न्यायमूर्ती ग्रे यांच्या निकालात आहे, की काँग्रेसला परदेशी माणसाला नागरिक करून घेण्याचा अधिकार घटनेने दिलाय तो द्यायचा आहे, काढून घ्यायचा नाही.

सरकारचं म्हणणं आता असं, की त्याचे आईबाप तिथे कायमचे राहत होते, व्हिसावर नव्हते. निकालात 'कायम वास्तव्य' हे शब्द आहेत खरे. त्यामुळे दहाच मिनिटांत निकाली निघेल असं प्रकरण हे नाही. पण तेव्हा व्हिसाची आजची व्यवस्थाच नव्हती, आणि निकालाचा सगळा रोख जन्मस्थानावर आहे. एच-१बीला तर कायम राहायचा इरादा ठेवायची कायद्यानेच मुभा आहे.

लेखणीचा_टाक | ८ डिसेंबर

जबरदस्त प्रतिसाद वकीलबुवा. एक पुरवणी. निकाल जिंकल्यावरही वाँगची कटकट संपली नाही. १९०१ मध्ये त्याला टेक्सासात एल पासोला पुन्हा बेकायदा चिनी म्हणून पकडलं होतं. सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावाचा निकाल असलेला माणूस!

थोडा_इतिहास | ९ डिसेंबर

चिनी माणसाचं झालं, आता आपल्या लोकांचं ऐका. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. नागरिकत्व मिळालेलं. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की भारतीय माणूस सामान्य लोकांच्या समजुतीप्रमाणे 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले. मग सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं रद्द करायचा सपाटा लावला. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णो दास बगई यांचं नागरिकत्व गेलं, भारतात यायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना, १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला.

पण यात एक माणूस भिडला. सखाराम गणेश पंडित, कॅलिफोर्नियातले वकील. नाव ऐकून आपले वाटतात, जन्म अहमदाबादचा. थिंड यांची बाजू त्यांनीच मांडली होती. नंतर सरकार त्यांच्याच नागरिकत्वावर आलं, तर ते नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात १९२६ मध्ये जिंकले. न्यायालयाने एकदा मला नागरिक केलं, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, आता इतक्या वर्षांनी उकरून काढता येणार नाही, हा मुद्दा. त्यानंतर बाकीच्या भारतीयांवरचे खटलेही ढेपाळले.

मला यातून दिसतं ते असं, की जन्माने मिळालेलं आणि अर्ज करून मिळालेलं यात तेव्हा जमीन-अस्मानाचा फरक होता. वाँगला सरकार हात लावू शकलं नाही, थिंडना लावू शकलं.

सांगलीची_मावशी | ९ डिसेंबर

बापरे. पंडितांबद्दल पहिल्यांदाच वाचलं. थिंड यांचं पुढे काय झालं?

थोडा_इतिहास | ९ डिसेंबर

मावशी, १९३५ मध्ये महायुद्धातल्या सैनिकांसाठी वेगळा कायदा आला, त्याखाली १९३६ मध्ये पुन्हा नागरिक झाले. बाकी भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं.

माड_आणि_पाव | ९ डिसेंबर

गोव्यातून सलाम. तुम्ही लोक एकाच देशाच्या नागरिकत्वावर एवढे भांडता, आमच्याकडे एकाच घरात दोन असतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना पोर्तुगाल अजून आपलं मानतं. आमच्या आजोबांची जन्मनोंद लिस्बनला लागली, मग बाबांची, मग भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर गेला इंग्लंडात स्विंडनला. भारताने १९६२ मध्ये एक ऑर्डर काढून सगळ्या गोंयकारांना एका दिवसात भारतीय केलं. कुणी विचारलं नव्हतं, आजोबा सांगायचे. म्हणजे मावशी, सरकार एका कागदावर नागरिकत्व ठरवू शकतं, आमच्या बाबतीत ठरवलंच.

वकीलबुवा | ९ डिसेंबर

छान उदाहरण, पण फरक बघा. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ११ ने नागरिकत्वाचे सगळे अधिकार संसदेला दिलेत. १९५५ च्या कायद्यात भारतात जन्मला तो भारतीय, असंच होतं. ३० जून १९८७ पर्यंत. मग आसाम करारानंतर दुरुस्ती झाली आणि आईबापांपैकी एक भारतीय असायची अट आली. ३ डिसेंबर २००४ नंतर तर दोघं भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नाही, अशी. म्हणजे ट्रम्प यांना जे करायचंय त्याच्याही पुढचं आपण केव्हाच केलंय, आणि कायदेशीरपणे केलंय, कारण आपल्या घटनाकारांनी ते संसदेवर सोडलं होतं. तिथल्या घटनेने सोडलेलं नाही.

ऑरेंज_सिटी | ९ डिसेंबर

हे बघा! आपण केलं तर कायदेशीर, त्यांनी केलं तर अन्याय. डॉलर कमवायला जाणाऱ्यांचा दुटप्पीपणा म्हणतात याले. मग सीएएच्या वेळी इथलेच काही लोक

संपादक_मंडळ | ९ डिसेंबर

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि त्यावरचे सहा उपप्रतिसाद उडवले आहेत. धागा अमेरिकेतल्या वादावर आहे. धाग्याचा काश्मीर करू नये.

बर्फी_मेकर | ९ डिसेंबर

सहा? मी झोपलो होतो तेव्हाच का होतं हे सगळं.

ऑस्टिनची_नर्स | १० डिसेंबर

मी प्रसूतिविभागात काम करते, त्यामुळे वेगळ्या बाजूने सांगते. इथले सगळे वकील 'घटना घटना' करतायत, पण आमच्याकडे नक्की काय घडतं?

बाळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी आईजवळ एक बाई फॉर्म घेऊन येते. आईबापांची नावं, जन्मठिकाण, शिक्षण, पत्ता. एक खूण करायची जागा असते, बाळाला सोशल सिक्युरिटी नंबर हवा का. आई अर्धवट झोपेत 'हो' म्हणते, बाबा स्पेलिंग तीनदा तपासतात (आपल्या लोकांत तर मधलं नाव बापाचं लावायचं की नाही यावर खोलीतच भांडण होतं, आजी फोनवर). तो फॉर्म राज्याच्या नोंदणी खात्याकडे जातो. त्यात तुमचा व्हिसा कोणता हे कुणी विचारत नाही. जन्मदाखला राज्य देतं, वॉशिंग्टन नाही. त्या दाखल्यावर पुढे पासपोर्ट मिळतो.

आता आदेश लागू झाला तर हा व्हिसा तपासायचा कुणी? मी? मला स्वतःला एच-४ आणि एल-२ मधला फरक नीट सांगता येणार नाही. आणि यात फक्त आपली बाळं अडकणार नाहीत. ज्यांचे आईबाप इथलेच, त्यांनाही आईबाप नागरिक असल्याचा पुरावा काढत बसावं लागेल. आज सगळ्यांचा पुरावा एकच आहे, जन्मदाखला.

वकीलबुवा | १० डिसेंबर

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. संघराज्याचा मुद्दा नेमका इथे येतो. १९९७ च्या प्रिन्ट्झ निकालात न्यायालयाने सांगितलंय, की संघ सरकार राज्याच्या कर्मचाऱ्यांना आपल्या योजनेसाठी राबवू शकत नाही. तेव्हा प्रश्न पिस्तूल विकत घेणाऱ्यांची तपासणी शेरीफनी करायची का, हा होता. म्हणजे टेक्सासच्या निबंधकाला वॉशिंग्टन हुकूम सोडू शकत नाही, की आईबापांचे व्हिसा तपास. या आदेशाने म्हणूनच फक्त संघाच्या खात्यांना सांगितलंय, की कागद देऊ नका.

आणि उलटंही खरं. २०१२ च्या अ‍ॅरिझोना निकालाप्रमाणे राज्याला आपलं वेगळं इमिग्रेशन धोरण चालवता येत नाही. म्हणून 'न्यू जर्सीने आपल्या बाळांना नागरिक मानावं' हा उपायही चालणार नाही. राज्याचं नागरिकत्व चौदाव्या दुरुस्तीने संघाच्या नागरिकत्वाला जोडून टाकलंय.

कोथरूड_टू_क्युपर्टिनो | १० डिसेंबर

अवांतर: अमेरिकन समोआत जन्मलेले आजही 'नॅशनल' असतात, नागरिक नाही. पासपोर्टवर तसा शेरा असतो. पोर्तो रिकोत जन्मलेले नागरिक आहेत, पण १९१७ च्या कायद्याने. म्हणजे झेंडा तोच, नियम तीन.

एडिसनकर | १० डिसेंबर

@नर्सताई, अगदी. आमच्याकडे फेब्रुवारीत २० तारखेच्या आधी सिझेरियन करून द्या म्हणून लोक डॉक्टरांकडे जातायत अशा बातम्या आल्या होत्या. माझ्या ओळखीत कुणी केलं नाही, पण एकाने विचारलं होतं हे मला माहीत आहे. आठव्या महिन्यात. डॉक्टरीणबाईंनी हाकलून दिलं आणि बरं केलं.

ऑरेंज_सिटी | ११ डिसेंबर

आठव्या महिन्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझं मत तेच आहे. टुरिस्टवाल्यांचं बंद व्हायला पाहिजे. एच-१बीवाल्यांना त्यात ओढायची गरज नव्हती, हे मान्य. आणि सहीने नाही, रीतसर करावं, हेही मान्य. वकीलबुवांनी डोकं खाल्लं.

सांगलीची_मावशी | ११ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. ऑरेंज_सिटी, तुमचेही, तुम्ही नसता तर धागा दहा प्रतिसादांत आटोपला असता. आता माझ्या पहिल्या प्रश्नाचं कुणीतरी सरळ सांगा. ताई विचारतेय, सून इकडे आणावी का? आणि समजा जूनमध्ये निकाल उलटा लागला तर बाळ कुठलंच नाही असं होईल का?

वकीलबुवा | ११ डिसेंबर

मावशी, हा कायदेशीर सल्ला समजू नका, भाच्याने तिथल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारावंच.

बाळ कुठलंच नाही असं होणार नाही. आईबाप दोघं भारतीय, त्यामुळे बाहेर जन्मलं तरी कलम ४ खाली वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करून ते भारतीय होऊ शकतं. अट अशी की त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. म्हणून घाईत दोन्हीकडे अर्ज करू नका. निकाल उलटा लागलाच तर तिथे राहण्यासाठी बाळाचा दर्जा काय, हा खरा घोळ होईल. एच-४ आपोआप मिळत नाही.

आणि इकडे आणून काय साधणार? सांगलीत जन्मलेलं बाळ भारतीय, यात शंका नाही, पण अमेरिकेचा दावा कायमचा गेला. शिवाय सुनेला परत जाताना व्हिसा स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट मिळाली नाही तर नवरा तिकडे आणि बाळंतीण इकडे.

ऑस्टिनची_नर्स | ११ डिसेंबर

सातव्या महिन्यात इतका प्रवास करून, विमा तिथला सोडून यायचं? नको. भाच्याला सांगा, जन्मदाखला लाँग फॉर्मचाच मागवायचा, आईबापांची नावं असलेला. दोन-तीन प्रती जास्तीच्या. पुढे ओसीआयलाही (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) तोच लागतो.

आणि अळीव भाजून न्या, कच्चं बी दिसलं की अडवतात असा आमच्या आईचा अनुभव.

बर्फी_मेकर | ११ डिसेंबर

मिळालं. मला उत्तर मिळालं.